‘डबल टोन्ड’ म्हणजे दुप्पट कसाचे दूध?



गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर मुरघासाचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी माण तालुक्यातील एका वस्तीवर गेलो होतो. मका कापून, कुटी करून, खड्ड्यात दाबून, वर कागद अंथरून माती टाकीपर्यंत दुपारचे तीन वाजले. ज्यांच्या रानात खड्डा भरला, त्यांनी आग्रहाने चहाला घरी नेले. घर तसे खाऊन-पिऊन सुखी. गोठ्यात दोन दुभत्या म्हशी आणि एक संकरित गाय. ओसरीवर आबा बसले होते, वय सत्तरीच्या पुढचे. मांडीवर दीड वर्षाचा नातू. पोरगे मोठे गोड, पण हातापायांच्या नुसत्या काड्या.

तेवढ्यात सूनबाईंनी फ्रीजमधून दुधाचे पाकीट काढले, कात्रीने कोपरा कापला आणि लहान पातेल्यात दूध ओतून गॅसवर ठेवले. मला नवल वाटले. मी आजींना म्हटले, “आजी, दारात दोन म्हशी असताना पाकिटाचे दूध कशाला?”

“आमच्यासाठी नव्हं ते साहेब, बाळासाठी हाय. डबलचं दूध हाय. डाक्टरनंच लिहून दिलंय.”

“बाळाच्या डॉक्टरांनी?”

“न्हाई, ह्यांच्या,” असे म्हणून आजींनी आबांकडे मान वळवली.

मग हळूहळू सगळा उलगडा झाला. सहा महिन्यांपूर्वी आबांच्या छातीत कळ आली. साताऱ्याला नेऊन हृदयाला स्प्रिंग बसवली. घरी सोडताना दवाखान्यातून जो कागद मिळाला, त्यावर काय खावे, काय खाऊ नये हे इंग्रजीत लिहिले होते. त्यात एक ओळ होती ‘डबल टोन्ड दूध’. मुलाने तालुक्याच्या दुकानात कागद दाखवला, दुकानदाराने पाकीट हातात ठेवले. घरी आल्यावर सगळ्यांनी मिळून अर्थ लावला, की डबल म्हणजे दुप्पट ताकदीचे. आजारी माणसाला शक्ती यावी म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेले. त्यावर आबा म्हणाले, “मला म्हाताऱ्याला काय करायचंय डबल? माझं काय राहिलंय आता? पोराच्या अंगी लागू द्या.” झाले! तेव्हापासून डबलचे पाकीट नातवाला आणि घरच्या म्हशीचे सायीचे दूध आबांना, दिवसातून तीन वेळा.

“आणि साहेब, साध्या पाकिटापेक्षा स्वस्त बी मिळतं,” मुलगा कौतुकाने म्हणाला.

दुप्पट कसाचा माल स्वस्त कसा, हा प्रश्न बाजारात वांगी घेताना त्याला नक्की पडला असता. इथे पडला नाही, कारण शब्द इंग्रजी आणि कागद दवाखान्याचा. मी अंगणवाडीचे कार्ड मागितले. सूनबाईंनी ते आणून दिले. तीन महिने बाळाच्या वजनाची रेघ जागची हललेली नव्हती. ताईंनी दोनदा निरोप पाठवला होता, “बाळाला दूध-तूप द्या.” आणि घरचे मनापासून दूध देतच होते!

वाचकहो, त्या घराला हसू नका. मी कृषी पदवीधर असूनही नोकरीला लागलो तेव्हा ‘टोन्ड’ या शब्दाचा नेमका अर्थ मला सांगता आला नसता. तुमच्यापैकी बरेच जण रोज सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालतात. तेच दूध फिरून शहरात, आणि आता आपल्याच गावच्या दुकानात, पाकिटातून येते. त्यावर टोन्ड, डबल टोन्ड, स्टँडर्डाइज्ड असे काही छापलेले असते. विकणारा सांगत नाही, घेणारा विचारत नाही. म्हणून आज या एका शब्दाची चांगली सोलून पाहणी करू.

त्यासाठी आधी दुधात काय असते ते पहावे लागेल. दुधात मोठा भाग पाण्याचा. म्हशीचे एक लिटर दूध मंद आचेवर पाणी पार उडेपर्यंत आटवले, तर खाली साधारण दीडशे-एकशेसाठ ग्रॅम ऐवज उरेल. गायीचे असेल तर एकशेवीस-एकशेतीस ग्रॅम. या ऐवजाचे दोन भाग पडतात. एक लोण्याचा भाग, ज्याला डेअरीत फॅट म्हणतात. दुसरा भाग म्हणजे लोणी सोडून उरलेले सगळे. त्यात दह्याला घट्टपणा देणारी प्रथिने, दुधाची स्वतःची साखर आणि चुना वगैरे क्षार येतात. या दुसऱ्या भागाचे इंग्रजी नाव ‘सॉलिड्स नॉट फॅट’, म्हणजे ‘फॅट नव्हे ते घन पदार्थ’. त्याचीच आद्याक्षरे एस.एन.एफ. पुस्तकी मराठीत ‘स्निग्धेतर घनपदार्थ’ म्हणतात, पण तो शब्द ऐकून म्हैससुद्धा दूध आटवेल, तेव्हा आपण एस.एन.एफ.च म्हणू.

म्हशीच्या दुधात फॅट शेकडा सहा-सात, कधी आठही लागते आणि एस.एन.एफ. नऊच्या आसपास असते. गायीच्या दुधात फॅट साडेतीन-चार आणि एस.एन.एफ. साडेआठच्या आसपास. म्हणजे पहा, दोघींच्या एस.एन.एफ.मध्ये फरक अर्ध्या टक्क्याचा, पण फॅटमध्ये जवळजवळ दुपटीचा. टोन्ड दुधाची सगळी गोष्ट या फरकातूनच निघाली, आणि ती आपल्या मुंबईत घडली.

१९४० नंतरची ती वर्षे. मुंबई वाढत होती आणि दूध येत होते शहरातल्याच तबेल्यांतून. गुजरात, उत्तर हिंदुस्थानकडच्या दुभत्या म्हशी आणायच्या, दूध असेपर्यंत ठेवायच्या आणि आटल्या की बऱ्याचशा कसायाला द्यायच्या, असा धंदा. अशी म्हैस पोसायची तर दूध महाग होणारच. महाग दूध गरिबाला परवडत नाही, म्हणून त्यात पाणी पडे, आणि पाणीही कुठले ते देवाला ठाऊक. त्या वेळी मुंबईच्या दूध खात्याचा कारभार दारा खुरोडी या गृहस्थांकडे होता. पुढे १९४९ साली तबेल्यांतल्या म्हशी शहराबाहेर नेण्यासाठी आरे वसाहत उभी राहिली, त्यामागेही हेच गृहस्थ. १९६३ साली त्यांना त्रिभुवनदास पटेल आणि डॉ. वर्गीस कुरियन यांच्या जोडीने रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

खुरोडींनी हिशेब मांडला तो असा. म्हशीच्या दुधात फॅट शहरी गरिबाच्या ऐपतीच्या बाहेर आहे. त्याच्या मुलांना खरी गरज प्रथिने आणि चुन्याची. परदेशात लोणी काढून उरलेल्या दुधाची भुकटी होते, ती स्वस्त पडते. तिच्यात फॅट जवळजवळ नाही, पण एस.एन.एफ. भरपूर. मग म्हशीच्या दुधात ही भुकटी आणि स्वच्छ पाणी ठराविक मापाने मिसळले, तर फॅट उतरेल, एस.एन.एफ. उतरणार नाही, दूध वाढेल आणि भाव खाली येईल. १९४६ च्या सुमारास मुंबईत असे दूध निघाले आणि त्याला नाव पडले टोन्ड मिल्क.

आता हिशेब आपण स्वतः करून पाहू, म्हणजे शंका राहणार नाही. म्हशीचे १०० लिटर दूध घ्या, फॅट ६ आणि एस.एन.एफ. ९. सोपे जावे म्हणून लिटर आणि किलो एकच धरू. यात ६ किलो फॅट आणि ९ किलो एस.एन.एफ. आहे. आपल्याला ३ फॅटचे दूध करायचे, तर ६ किलो फॅटमध्ये ते २०० लिटर होईल. २०० लिटरला साडेआठ टक्क्यांनी एस.एन.एफ. लागते १७ किलो. आपल्याकडे आहे ९. कमी पडले ८ किलो. भुकटीत थोडा ओलावा असतो, म्हणून आठ-साडेआठ किलो भुकटी घ्यावी लागेल. बाकी साधारण ९२ लिटर पाणी. झाले २०० लिटर टोन्ड दूध.

इथे तुमच्यातला एखादा तावातावाने म्हणेल, “वा साहेब! आम्ही कॅनमध्ये तांब्याभर पाणी घातले तर भेसळ, आणि डेअरीने नव्वद लिटर घातले तर टोन्ड?” प्रश्न रास्त आहे. एका सभेत मला तो विचारला गेला आणि सगळी सभा टाळ्या वाजवू लागली. उत्तर असे, की तांब्याभर पाण्याने फॅटही उतरते आणि एस.एन.एफ.ही उतरते. शिवाय घेणाऱ्याला ते सांगितलेले नसते. टोन्ड दुधात एस.एन.एफ. साडेआठच्या खाली जाऊ द्यायचे नाही आणि पाकिटावर ‘टोन्ड’ असे छापायचेच, असे बंधन आहे. पूर्वी १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंध कायदा होता. आता त्याच्या जागी २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आहे. डेअरीच्या टोन्ड दुधात एस.एन.एफ. आठच भरले, तर तीही भेसळच. तुमच्या तांब्याला एक आणि डेअरीच्या टाकीला दुसरा, असे दोन कायदे नाहीत. तपासणी दोघांची सारख्याच कडकपणे होते का, हे मात्र मला विचारू नका.

आजकाल टोन्ड दूध करायला प्रत्येक वेळी भुकटी लागतेच असेही नाही. आपल्याकडे संकरित गायींचे दूध वाढले. त्याचे फॅट मुळातच साडेतीनच्या आसपास. डेअरीत सेपरेटर नावाचे यंत्र असते. ते दूध गरगर फिरवते. लोण्याचा अंश हलका, तो मधोमध गोळा होऊन क्रीम म्हणून एका तोटीने बाहेर पडतो आणि उरलेले दूध दुसऱ्या तोटीने. साडेतीनमधले अर्धा टक्का काढले की झाले तीनचे टोन्ड. काढलेल्या क्रीमचे लोणी, तूप होते आणि ते वेगळ्या भावाने विकले जाते. डेअरीचे पोट केवळ पाकिटावर भरत नाही, या क्रीमवरही भरते, एवढे ध्यानात असू द्या.

आता शब्दाकडे येऊ. इंग्रजीत ‘टोन’ म्हणजे सूर, आवाजाची पट्टी, रंगाची छटा. ‘टोन डाऊन’ म्हणजे पट्टी खाली आणणे, भडकपणा कमी करून सौम्य करणे. लोणी खाली आणून दूध सौम्य केले म्हणून ते ‘टोन्ड’, अशी फोड मला तरी पटते. हा शब्द दुधाला लावण्याची चाल आपल्याकडचीच. इंग्लंड-अमेरिकेतल्या दुधाच्या बाटलीवर तो नसतो. तिथे स्किम्ड, सेमी-स्किम्ड, लो-फॅट असे लिहितात. म्हणजे इंग्रजी उत्तम येणारा परदेशी माणूसही आपल्या दुकानात ‘टोन्ड’ वाचून चक्रावेल. मग तालुक्याच्या दुकानदाराचे काय घेऊन बसलात?

आणि ‘डबल टोन्ड’? पट्टी दोनदा खाली आणलेली. डबल झाले आहे ते उतरवणे. फॅट तीनवरून आणखी निम्मे, दीड टक्का. एस.एन.एफ. थोडे वर, नऊ टक्के. म्हणजे दूध चौपट पातळ झाले असेही नाही आणि दुप्पट कसदार झाले असे तर मुळीच नाही. लोणी काढले गेले म्हणून भाव कमी. आबांच्या मुलाला जे कौतुक वाटत होते, त्याचे कारण एवढेच.

पाकिटांची सगळी शिडी एकदा वरून खाली उतरू. सर्वांत वर फुल क्रीम, त्यात फॅट किमान सहा आणि एस.एन.एफ. नऊ. त्याखाली स्टँडर्डाइज्ड, फॅट साडेचार आणि एस.एन.एफ. साडेआठ. ‘स्टँडर्ड’ म्हणजे उंची माल, असे समजून लोक ते मागतात. तसे काही नाही. कुठलेही दूध एका ठराविक आकड्यावर आणून ठेवले, एवढाच त्याचा अर्थ. त्याखाली टोन्ड, तीन आणि साडेआठ. मग डबल टोन्ड, दीड आणि नऊ. आणि अगदी तळाला स्किम्ड, ज्यात फॅट अर्ध्या टक्क्याच्या वर असूच नये. पाकिटाच्या रंगावर जाऊ नका. एका डेअरीचा निळा तो दुसरीचा हिरवा असतो. छापलेले नाव वाचा, आणि शेजारी बारीक अक्षरात फॅट व एस.एन.एफ.चे आकडे असतात, ते वाचा. इंग्रजी न येणाऱ्यालाही आकडा कळतो.

आता कुणी काय प्यावे? मी डॉक्टर नाही, पण आहाराचा हिशेब सांगू शकतो. घरच्या म्हशीच्या सात फॅटच्या दुधाचा एक पेला, म्हणजे २०० मिली, घेतला तर त्यात १४ ग्रॅम फॅट असते आणि त्यातून दोनशेच्या घरात उष्मांक मिळतात. डबल टोन्डच्या तेवढ्याच पेल्यात फॅट ३ ग्रॅम आणि उष्मांक शंभराच्याही आत. दीड-दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात साधारण हजार उष्मांक लागतात. त्याचे पोट केवढे? मुठीएवढे. त्यात जे जाईल ते भरीव असावे लागते. आबांचा नातू दिवसाला दोन पेले दूध पीत होता. म्हणजे त्याच्या वाट्याचे रोजचे दोनशे उष्मांक, दिवसाच्या गरजेचा पाचवा हिस्सा, केवळ एका शब्दापायी गेला. दुधाने पोट भरले म्हणून ते पोर भाकरीही मागत नव्हते. वजन केवळ त्यामुळेच अडले असे मी म्हणणार नाही. जंत असतील, ताप येऊन गेला असेल, ते डॉक्टरांनी पहावे. पण दोन वर्षांच्या आतील मुलाला लोणी काढलेले दूध देऊ नये, हे पक्के. आणि पहिले सहा महिने तर आईच्या दुधाखेरीज काहीच नाही, पाणीसुद्धा नाही.

दुधातल्या लोण्याबरोबर आणखी एक वस्तू जाते, ती म्हणजे अ जीवनसत्त्व. डोळ्यांसाठी ते लागते. ते स्निग्ध पदार्थात विरघळते, त्यामुळे क्रीम काढले की तेही निघून जाते. म्हणून हल्ली पुष्कळ डेअऱ्या टोन्ड आणि डबल टोन्ड दुधात अ व ड जीवनसत्त्व वरून घालतात. अशा पाकिटावर अधिक चिन्ह आणि इंग्रजी ‘एफ’ अशी खूण असते.

याउलट आबांसारख्या हृदयाच्या माणसाला डबल टोन्ड योग्यच. प्रथिने मिळतात, हाडांसाठी चुना मिळतो, आणि रक्तवाहिन्यांत भर टाकणारे लोणी टळते. डॉक्टरांनी लिहिले ते विचार करूनच. फक्त त्या एका ओळीखाली ‘साय काढलेले पातळ दूध’ असे चार मराठी शब्द लिहिले असते, तर किती बरे झाले असते! मधुमेह असलेल्यांनी मात्र एक गैरसमज काढून टाकावा. डबल टोन्डमध्ये दुधाची साखर कमी झालेली नसते. ती एस.एन.एफ.मध्ये असते, आणि एस.एन.एफ. तर उलट थोडे वाढलेले असते.

आणि भगिनींनो, पाकिटाच्या दुधावर साय येत नाही म्हणून ते भेसळीचेच, असेही समजू नका. टोन्डमध्ये फॅटच कमी, तर साय कुठून येणार? शिवाय काही दूध ‘होमोजिनाइज्ड’ केलेले असते. म्हणजे मोठ्या दाबाने बारीक छिद्रातून काढून लोण्याचे कण इतके लहान केलेले असतात, की ते वर तरंगत नाहीत. त्याच्या दह्यावरही सायीचा थर धरत नाही. त्यात खोट नाही. लोणी काढायचा विचार असेल तर मात्र ते दूध आणू नका.

हे झाले विकत घेतलेल्या दुधाचे. पण तुम्ही दूध विकणारेही आहात, आणि तुमच्या चिठ्ठीवर हेच दोन आकडे असतात. गायीच्या दुधाचा भाव महाराष्ट्रात ३.५ फॅट आणि ८.५ एस.एन.एफ. हा पाया धरून ठरतो. २०२४ साली शासनाने गायीच्या दुधाला अनुदान दिले, तेव्हाही पाया हाच होता. आकडा खाली गेला की पैसे कापले जातात. फॅट कमी लागली तर शेतकऱ्याला कळते, तो भांडतो. एस.एन.एफ. कमी लागले तर गप्प बसतो, कारण ते काय हेच त्याला ठाऊक नसते.

एस.एन.एफ. काढतात ते ‘डिग्री’वरून, म्हणजे लॅक्टोमीटरच्या आकड्यावरून. लॅक्टोमीटर म्हणजे दुधात सोडलेली तरंगणारी नळी. दूध जड असेल तर ती वर राहते, हलके असेल तर खाली बुडते. पाणी घातले की दूध हलके होते, डिग्री उतरते. एवढे सगळ्यांना माहीत आहे. गंमत पुढे आहे. लोणी पाण्यापेक्षा हलके. म्हणून दुधातून साय काढली की उरलेले दूध जड होते, डिग्री चढते! जुन्या काळचा लबाड गवळी आधी साय काढी आणि मग बेताने पाणी घाली. एकाने चढलेली डिग्री दुसऱ्याने उतरे, आणि लॅक्टोमीटर बिचारा ‘दूध शुद्ध’ म्हणून साक्ष देई. एकट्या डिग्रीवर विसंबून चालत नाही ते यासाठी. फॅट वेगळी मोजावीच लागते. त्यासाठी स्वित्झर्लंडच्या गर्बर नावाच्या शास्त्रज्ञाने १८९० नंतर एक रीत काढली. जाड काचेच्या नळीत १० मिली गंधकाम्ल, पावणेअकरा मिली दूध आणि एक मिली अमाईल अल्कोहोल घालून ती यंत्रात फिरवायची. आम्लाने बाकी सगळे विरघळते आणि लोण्याचा स्तंभ वर येतो, तो मोजायचा. आता बऱ्याच ठिकाणी विजेचे यंत्र अर्ध्या-एक मिनिटात दोन्ही आकडे छापून देते. यंत्राबद्दल शंका आली तर गर्बरच्या रीतीने पुन्हा तपासून मागायला लाजू नका.

डिग्रीवरून एस.एन.एफ. काढायचे गणित असे. डिग्रीला चाराने भागा. त्यात फॅटचा पाचवा ते चौथा हिस्सा मिळवा. वर एक छोटा ठराविक आकडा मिळवा. हा हिस्सा आणि हा छोटा आकडा सगळीकडे एकच वापरत नाहीत. एका रीतीत फॅटचा चौथा हिस्सा आणि ०.४४ धरतात. त्या रीतीने २८ डिग्री आणि ४ फॅटचे दूध असेल तर सात, अधिक एक, अधिक ०.४४, म्हणजे ८.४४. तुमच्या संस्थेत कोणती रीत आहे ते सचिवांना विचारा आणि भिंतीवर लिहून लावायला सांगा. एका दशांशावर महिन्याचे किती रुपये फिरतात, ते ज्याच्या घरी चार गायी आहेत त्याने स्वतःच काढून पहावे.

दूध मोजायला देण्याआधी कॅनमधले दूध वर-खाली नीट ढवळले आहे ना, हेही पहात जा. सायीचा अंश वर चढलेला असतो. नमुना तळातून घेतला तर फॅट कमी लागेल. आणि धार काढताना शेवटच्या धारेकडे विशेष लक्ष द्या. कासेतली शेवटची धार सर्वांत जास्त लोण्याची. घाईने अर्धवट पिळून उठलात तर स्वतःच्या हाताने आपले दूध टोन्ड करून डेअरीला दिले, असे समजा. फॅटच्या भावात ते कापलेच जाईल.

असो. त्या दिवशी ओसरीवर मी हे सगळे सांगितले नाही. एवढेच केले, की सूनबाईंकडून दोन पेले मागून घेतले. एकात घरच्या म्हशीचे दूध, दुसऱ्यात पाकिटातले. दोन्ही पेले हलवून कलते केले आणि आबांच्या पुढे धरले. म्हशीचे दूध काचेला चिकटून सावकाश उतरले. पाकिटाचे लगेच निथळून गेले. आबा बराच वेळ पहात राहिले. मग म्हणाले, “म्हंजी साहेब, डाक्टरनं मला पातळ प्यायला सांगितलं व्हतं, आन् मी ते पोराला पाजलं?”

मी काहीच बोललो नाही. आजींनी पदर डोळ्यांना लावला. आबांनीच मग दोन्ही पेले उचलले, म्हशीचा सूनबाईंच्या हाती दिला आणि पाकिटाचा स्वतः तोंडाला लावला.

मुरघासाचा खड्डा उघडायला मी पुन्हा गेलो तेव्हा दोन महिने झाले होते. मुरघास उत्तम साधला होता, वासही छान आंबूस-गोड. घरी सूनबाईंनी न मागताच अंगणवाडीचे कार्ड पुढे केले. डॉक्टरांकडून जंताचे औषधही दिले होते. रेघ वर चढू लागली होती, अजून खालच्या पट्ट्यातून पुरती सुटली नव्हती, पण चढत होती. आबांची तब्येत बरी होती. तक्रार एकच.

“साहेब, दूध सोडा, पर त्या डबलचा चहा काय चहा हाय व्हय? नुसतं लाल पानी.”

चहात दुधाच्या ऐवजी म्हशीची साय चालेल का, असेही त्यांनी विचारून पाहिले. आजींनी मला उत्तर द्यायची संधीच दिली नाही.